इस्रायल आळीत आता कोण राहतं?

रेवस_धक्का

गेल्या महिन्यात एका मुंजीला अलिबागला गेलो होतो. मुहूर्त सकाळी लवकरचा, पंगत दीड वाजता. मधले तीन तास भटजींच्या चुका काढण्यात घालवण्यापेक्षा पाय मोकळे करावेत म्हणून इस्रायल आळीत शिरलो. माझं आजोळ तिथून हाकेच्या अंतरावर होतं. साठ वर्षांपूर्वी सुट्टीत आलो की या आळीतल्या पोरांबरोबर विटीदांडू खेळायचो. त्यांची आडनावं आमच्यासारखीच, भाषा आमचीच, आयांची नऊवारीही तीच. शनिवारी मात्र ती खेळायला यायची नाहीत, एवढाच काय तो फरक आम्हाला ठाऊक होता.

तिथलं मागेन आबोथ सिनेगॉग, म्हणजे बेने इस्रायली ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८४८ चं. आताची इमारत १९१० साली पुन्हा बांधलेली. त्या दिवशी फाटक बंद होतं, किल्लीवाले गावात नव्हते. बाहेरून बघितलं तर एखाद्या जुन्या खात्यापित्या घराचा बंगला वाटावा. खिडक्यांवर सहा टोकांचा तारा नसता तर सरळ पुढे गेलो असतो.

पण धागा काढतोय तो वेगळ्याच गोष्टीसाठी. आमच्या आजोळच्या शेजारचं घर अजून उभं आहे. तिथले लोक साठच्या दशकाच्या शेवटी इस्रायलला गेले. जाताना त्यांच्या आजीने आमच्या आजीला पाटा-वरवंटा देऊन टाकला. "बोटीत दगड कुठे नेऊ?" असं म्हणाल्याचं आई सांगायची. आता त्या घरात दुसरं कुटुंब राहतं. मी सहज ओट्यावर टेकलो, तर दाराच्या चौकटीवर, आत जाताना उजव्या हाताला, खांद्याच्या जरा वर, एकाखाली एक अशी दोन भोकं दिसली. त्यांवरून तेलरंगाचे चार-पाच हात फिरलेत, तरी बोट फिरवलं की लागतात.

कुणाला माहीत आहे का ही कसली? आणि कोकणात अशी विसरलेली सिनेगॉग आणखी कुठे कुठे आहेत?

सुपारीची_वाडी

रुमाल टाकून ठेवते. आमचं माहेर रेवदंडा, सविस्तर लिहिते रात्री.

मी_खवचट

अहो काका, खिळ्याची भोकं आहेत ती. कॅलेंडर लावलं असेल कुणीतरी.

रेवस_धक्का

दाराच्या चौकटीत कॅलेंडर? तुमच्याकडे लावतात का असं?

गवंडी

पेशाने वास्तुरचनाकार आहे, त्यामुळे भोकांचं नंतर बघू, आधी इमारतीबद्दल.

सिनेगॉग बाहेरून कसं दिसावं याचा काही नियम नाही, हे आधी लक्षात घ्यावं लागतं. देवळाला शिखर, मशिदीला मिनार, तसं सिनेगॉगला सक्तीचं काही नसतं. नियम सगळे आत. जेरुसलेमच्या दिशेच्या भिंतीत हेखाल, म्हणजे तोराच्या (त्यांच्या धर्मग्रंथाच्या) गुंडाळ्या ठेवायचं कपाट, त्यापुढे पडदा आणि सतत तेवणारा दिवा. आपल्याकडून जेरुसलेम पश्चिमेला, म्हणून हेखालही पश्चिमेकडे. मधोमध तेबा, कठडा असलेला लाकडी चौथरा. त्यावर उभं राहून हझ्झान प्रार्थना म्हणतो आणि बाकं भिंतींच्या कडेने. म्हणजे सगळ्यांची तोंडं एकमेकांकडे, कीर्तनाला बसल्यासारखी. बायकांसाठी वर सज्जा. एक खुर्ची एलियाहू हनाबीची, म्हणजे एलिया प्रेषिताची, सुंतेच्या वेळी लागते, एरवी रिकामी. मूर्ती नाही, माणसाचं चित्र नाही. छताला काचेच्या हंड्या.

बाहेरचं मोकळं सोडलं की तिथे गावचा गवंडी आणि देणगीदाराचा खिसा दिसतो. मुंबईत भायखळ्याचं मागेन डेव्हिड १८६१ चं, डेव्हिड ससूनच्या पैशातून. पुण्याच्या कॅम्पातलं ओहेल डेव्हिडही त्याचंच, १८६७ साली पुरं झालं. लाल विटांचं, गॉथिक, वर नव्वद फुटी घड्याळाचा मनोरा. पुणेकर त्याला लाल देऊळ म्हणतात आणि बाहेरगावचा माणूस खुशाल चर्च समजतो. ससून हे बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेले ज्यू, कापूस-अफूचे व्यापारी. कोकणातले बेने इस्रायली तेली, शेतकरी, पुढे कंपनीच्या पलटणीतले सुभेदार आणि सरकारी कारकून. त्यांनी वर्गणी काढून बांधलं ते आजूबाजूच्या घरांसारखंच दिसतं. तुम्ही पुढे चालत गेला असतात, यात नवल नाही.

ठाणेकर_जुना

गवंडी, उत्तम माहिती. ठाण्याचं राहिलं. टेंभी नाक्याजवळचं शार हशमायिम, १८७९ चं. तिथे आजही नियमित प्रार्थना होते, सणावाराला बाहेर गाड्या लावायला जागा नसते. तेव्हा सरसकट "विसरलेले" म्हणू नका बुवा. आमचे गणिताचे मास्तर त्या समाजातले होते. शनिवारी शाळेला रजा, पण रविवारी घरी बोलावून फुकट शिकवायचे. त्यांच्या छडीचा विसर मला तरी अजून पडलेला नाही.

सुपारीची_वाडी

आले. मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

रेवदंड्याचं सिनेगॉग म्हणजे बेथ एल, नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये. पेणला आहे, पनवेललाही आहे, त्याचंही नाव बेथ एलच. पण माझ्या आजीला विचारलं असतं तर तिने सिनेगॉग हा शब्द ओळखलाच नसता. ती म्हणायची "शनवारतेल्यांची मशीद". ते लोक स्वतःही मशीदच म्हणायचे. शनवार तेली म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे. दुसरे सोमवार तेली, ते महादेवाच्या वारी बैल जुंपायचे नाहीत. आजीच्या लेखी हिशोब सोपा होता, शनिवारी तेल संपलं तर एकाकडे जायचं, सोमवारी संपलं तर दुसऱ्याकडे. ज्यू-बिऊ काही तिच्या गावी नव्हतं.

आणि त्यांचे सण! रोश हशाना (नवं वर्ष) वगैरे नावं पुढे कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी आणि पुस्तकांनी आणली. जुनी नावं ऐका: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, शिळा सण, बिरड्याचा सण. दारफळणी म्हणजे योम किप्पूर. दारं लावून घरात बसायचं, उपास, पांढरे कपडे, परक्याशी बोलायचं नाही. बिरड्याचा सण म्हणजे जेरुसलेमचं देऊळ पाडलं गेलं त्या दुःखाचा दिवस. हजारो मैलांवरच्या, दोन हजार वर्षांपूर्वी पडलेल्या देवळाचं सुतक, आणि त्याला जेवायला काय, तर मोड आलेल्या वालाचं बिरडं! आजी सांगायची, त्या दिवसाच्या आदल्या रात्री शेजारी वाल सोलायला ती पण जाऊन बसायची. सालं एका सुपात, डाळिंब्या दुसऱ्या. कुणासाठी रडतायत ते तिला कधी नीट कळलं नाही. "पण वाल सोलताना कुणी गप्पा मारत नव्हतं, एवढं आठवतं," म्हणायची.

मी_खवचट

बिरडं सुतकात? आमच्याकडे श्रावणात पाहुणे आले की करतात.

सुपारीची_वाडी

तुमच्याकडचे पाहुणे बघता दोन्ही एकच असेल. 😀

शुद्धलेखनवाले_काका

अवांतर, पण महत्त्वाचे. मुंबईचे पहिले सिनेगॉग १७९६ चे, शार हरहमीम, म्हणजे दयेचे द्वार. बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर, कंपनीच्या फौजेतले अधिकारी. गावाकडचे नाव सामाजी हसाजी दिवेकर. टिपूच्या कैदेत सापडले. टिपूने जात विचारली, "बेने इस्रायल" हे उत्तर ऐकून त्याच्या आईने रदबदली केली, हे नाव कुराणात आहे म्हणून, आणि जीव वाचला, अशी समाजातली आख्यायिका. सुटून आल्यावर नवस फेडावा तसे हे मंदिर बांधले. मांडवीतला सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्याच नावाचा. तिथल्या लोकांच्या तोंडी ती "जुनी मशीद", आणि मस्जिद स्टेशनचे नाव तिच्यावरूनच पडले असे सांगतात. रोज लाखभर माणसे तिथे उतरतात, ड्रायफ्रूटचा भाव विचारतात आणि परत जातात.

म्हणजे ध्यानात घ्या, १७९६ च्या आधी या समाजाचे एकही सिनेगॉग नव्हते! नौगावच्या किनाऱ्याला गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही त्यांची मूळकथा. तेव्हापासून अठराव्या शतकापर्यंत ना इमारत, ना पोथी. शनिवार पाळणे, आठव्या दिवशी सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाणे आणि "शेमा इस्राएल" ही प्रार्थनेची एक ओळ. डेव्हिड राहबी नावाच्या पाहुण्याने बायकांपुढे मिसळलेली मासळी टाकली, त्यांनी चालणारे मासे वेगळे काढले, त्यावरून त्याने ओळखले की हे आपले लोक, अशीही कथा आहे. थोडक्यात, ज्याला आपण वास्तू-वास्तू करतो ते या समाजाच्या इतिहासातले कालपरवाचे प्रकरण आहे.

गवंडी

काका, हा मुद्दा मला माझ्या धंद्याच्या विरोधात जाऊनही मान्य आहे. त्यांचं सिनेगॉग आधी कोळणीच्या पाटीत होतं, मग दगडाचं झालं.

ठाणेकर_जुना

गलबत फुटणं, किनाऱ्याला लागलेली चौदा माणसं... ही कथा आणखी एका ज्ञातीची पण आहे ना? परशुराम, चिता वगैरे? 

मी_खवचट

आता धागा शंभरी गाठणार. चणेफुटाणे घेऊन बसतो.

शुद्धलेखनवाले_काका

साम्य जुन्या लेखकांनीही नोंदवले आहे. त्यावर इथे भांडण नको, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथे येईन.

मी_खवचट

एक गंभीर प्रश्न विचारतो, रागावू नका. लोक आपल्या मर्जीने गेले. कुणी हाकललं नाही, दंगल नाही, जाळपोळ नाही. युरोपात सिनेगॉग ओस पडली ती माणसं मारली म्हणून. इथे माणसं गेली, तिकडे नांदतायत. १९५१ च्या जनगणनेत देशात ज्यू २६ हजारांच्या वर होते, २०११ ला ४,६५०. कोकणातून मुंबईला आणि मुंबईहून अमेरिकेला गेलेल्या आपल्या लोकांची घरं पण पडलीच की. त्यावर कुणी गहिवरत नाही. मग प्रत्येक बंद दारापुढे उभं राहून गळा काढायचा का?

गवंडी

प्रश्न रास्त आहे. पण "पडू द्या" हे उत्तर नाही पटत. केरळात बघा. माळा गावचे ज्यू १९५५ च्या सुमारास इस्रायलला गेले तेव्हा सिनेगॉग आणि दफनभूमी पंचायतीच्या हवाली करून गेले. परवूर आणि चेंदमंगलमची सिनेगॉग सरकारने दुरुस्त करून संग्रहालयं केली. मट्टनचेरीतल्या कडवुंबागमचा तर अख्खा आतला लाकडी भाग उचलून जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये उभा केलाय. छत केरळच्या सुताराचं, बघणारे जेरुसलेमचे. तो योग्य मार्ग की नाही यावर आमच्यात अजून भांडणं होतात.

मुंबईत काळा घोड्याजवळचं केनेसेथ एलियाहू, १८८४ चं, २०१९ मध्ये दुरुस्त होऊन खुलं झालं. आपण सगळ्यांनी ते आकाशी निळं बघितलेलं. अभ्यास करून मूळ रंग शोधला, आणि आता ते फिकट पिवळसर, गडद निळ्या कडांचं आहे. बऱ्याच मुंबईकरांना वाटलं, आपलं निळं देऊळ बिघडवलं! आठवण कुणाची खरी, १८८४ ची की आपली? मला अजून उत्तर सापडलेलं नाही. मात्र फोर्टातल्या बगदादी श्रीमंतांच्या इमारतीला निधी मिळतो, गॉथिक आहे, काचा रंगीत आहेत. कोकणातल्या कौलारू मशिदीसाठी कोण धावणार? हे बगदादी १८३० च्या दशकात दफनभूमीत आपल्या आणि बेने इस्रायलींच्या मधे भिंत मागत होते, हेही जाता जाता सांगतो.

पाटीपूजक

जुने शिलालेख, पाट्या, मैलाचे दगड यांचे फोटो काढत फिरणं हा माझा छंद. रायगडातल्या बेने इस्रायली दफनभूमींत बरेचदा गेलोय. वर हिब्रू, खाली मराठी असे दगड. आडनावं वाचली तर तालुक्याचा नकाशाच: किहीमकर, झिराडकर, पेझारकर, चेऊलकर, आष्टमकर, वाकरूळकर, रोहेकर. यातल्या कित्येक गावांत आता त्या आडनावाचं माणूस औषधालाही नाही. गावचं नाव इस्रायलमधल्या अश्दोद आणि लोदच्या टपालपेट्यांवर आहे.

हिब्रू साल कसं वाचायचं ते सांगतो, कुणाला कामी येईल. त्यांच्यात आकडे अक्षरांनी लिहितात. समजा ताव, रेश, आयिन अशी तीन अक्षरं आहेत. ताव ४००, रेश २००, आयिन ७०, झाले ६७०. हजाराचा आकडा सहसा लिहीत नाहीत. त्यात १२४० मिळवा: १९१०. शकात ७८ मिळवतो तसंच. वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात बदलतं, त्यामुळे एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो. अक्षरं उजवीकडून वाचा, नाहीतर माझ्यासारखे दोन वर्षं चुकीची टिपणं काढाल.

अश्दोदची_आत्या

शालोम आणि नमस्कार. नातवाने हा धागा दाखवला. मी नेहमी नुसती वाचते, टाइप करायला वेळ लागतो, चुका झाल्या तर काकांनी माफ करावं.

आधी भोकांबद्दल. ती मेझुझाची आहेत. चामड्याच्या तुकड्यावर "शेमा" लिहून, लाकडाच्या किंवा पत्र्याच्या नळीत घालून चौकटीला उजवीकडे ठोकतात. आत जाताना-येताना बोटं लावून ओठांना लावायची. आपल्या लोकांनी घर सोडलं आणि येणारा आपल्यातला नसेल तर मेझुझा काढून न्यायचा असतो. नाहीतर त्याची हेळसांड होईल. म्हणून सामान बांधून झालं की शेवटचं काम ते. आमच्या पप्पांनी पक्कड घेऊन काढला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. टांगा दारात उभा होता, आई म्हणत होती "राहू दे, उशीर होतोय".

आता त्या खवचट भाऊंना. मर्जीने गेलो हे खरं आहे. आम्हाला भारतात कुणी वाईट शब्द बोललं नाही, हे आम्ही इथे सगळ्यांना सांगतो. पण इकडे आल्यावर १९६२ पासून रब्बींनी, म्हणजे इथल्या धर्मगुरूंनी, आमची लग्नं अडवली. तुमची आजी कोण, पणजी कोण, खरे ज्यू कशावरून, असं विचारायचे. आमच्या लोकांनी जेरुसलेमला धरणं धरलं, तेव्हा १९६४ साली मान्य झालं. तिकडे आम्ही इस्रायल आळीतले होतो, इकडे "होदी", म्हणजे हिंदुस्तानी. पप्पा चिडून म्हणायचे, तिकडे कुणी दाखला मागितला नव्हता.

आणि "विसरलेले" कोण? आम्ही तर काही विसरलो नाही. मलिदा करतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर पाच फळं, आणि एलियाहू हनाबीचं गाणं. नवस फेडायचा असला की लोक अजून अलिबागजवळच्या खंडाळ्याला जातात, तिथल्या खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत. मराठी मासिक काढलं इथे, "मायबोली" नावाचं, १९८५ पासून. मटणात दूध चालत नाही म्हणून नारळाचं दूध घालायचं, ते अजून तसंच. नारळ इथे फार महाग.

सुपारीची_वाडी

आत्या, वाचून अंगावर काटा आला. बिरडं करता का अजून?

अश्दोदची_आत्या

करतो. वाल इथे आपल्या माणसाच्या दुकानात मिळतात, पण कडू वाल नाही मिळत. भारतातून कुणी आलं की दोन किलो आणायला सांगतो. विमानतळावर एकदा त्या वालांवरून पाऊण तास चौकशी झाली होती.

मी_खवचट

आत्या, कॅलेंडरचा शब्द मागे घेतो. रागावू नका.

अश्दोदची_आत्या

नाही रे बाबा. माझा धाकटा भाऊ असाच होता.

शुद्धलेखनवाले_काका

आत्याबाई, तुमच्या लेखनात एकही चूक नाही. इथल्या निम्म्या सभासदांनी शिकवणी लावावी.

एक भर घालतो. १८७४ साली पुण्यात छापलेली हागादा आहे, अनाशी धाकाच्या सणाची, म्हणजे पेसाहची पोथी, हिब्रू आणि मराठीत. तिच्यातल्या चित्रात बायका बेखमीर भाकरी करताहेत, साड्या नेसून. इमारतीत माणसाचे चित्र चालत नाही, पोथीत चालते, म्हणून त्या बायका आपल्याला दिसतात तरी.

रेवस_धक्का

सगळ्यांचे आभार. दोन दिवस काही सुचत नव्हतं.

काल भाच्याला त्या घरी पाठवलं. घरमालकांना सांगून त्याने माप घेतलं. दोन भोकांमधलं अंतर चार बोटं, वरचं भोक जमिनीपासून साडेचार फुटांवर. ते लोक म्हणाले, आम्हीही विचार करत होतो कसली भोकं. पुढच्या वर्षी घर पाडून नवीन बांधायचंय. चौकट सागाची आहे, जुन्या लाकडाचा व्यापारी येऊन भाव करून गेलाय. मी भाच्याला म्हटलं, तो देईल त्यापेक्षा पाचशे जास्त सांग. ठेवणार कुठे हे बायकोने विचारलंय, त्याचं उत्तर अजून द्यायचंय.

आत्या, एक विचारू? तुमचं घर आळीत नेमकं कुठे होतं? हे घर विहिरीच्या दक्षिणेला आहे, समोर जांभळाचं झाड होतं. विहीर आता बुजवलीय, पण कठडा दिसतो.

अश्दोदची_आत्या

दक्षिणेला म्हणजे ते आमचं नव्हे. ते आमच्या आत्तेकडचं, त्यांची सून फार छान चिकाचा हलवा करायची. आमचं विहिरीच्या उत्तरेला, तीन पायऱ्या होत्या, ओट्याच्या कोपऱ्यात तुटका घाणा पडलेला असायचा, आम्ही त्यात लपायचो. उत्तरेला काय आहे आता?

रेवस_धक्का

उत्तरेला मोकळी जागा आहे, आत्या. गाड्या लावतात. त्या दिवशी मुंजीला आलो तेव्हा माझी गाडी मी तिथेच लावली होती.

अश्दोदची_आत्या

सावली होती का? आमच्याकडे दुपारी कायम सावली असायची.